सासूनं दाराबाहेर थांबावं

बोल्सुन बाळंतपणाच्या खोलीत शिरली की आधी खिडकीशी जायची, पडदा सर्रकन बाजूला सारायची आणि मग वळून म्हणायची, "हं, कोण रडतंय इथं? मोठ्यानं रड की. भिंती जाड आहेत." मुरलेल्या नटीनं विंगेतून यावं तसं ते येणं असे. कळा सोसणारी पोर दचकून तिच्याकडे बघे, आणि आपण कशाला एवढं घाबरलो होतो ते तिला क्षणभर आठवतच नसे.

पूर्ण नाव उल्बोल्सुन. मुलींवर मुली झाल्या की आमच्या तलासच्या खोऱ्यात असं नाव ठेवतात. अर्थ एवढाच, की आता मुलगा होवो. बापानं नाव ठेवलं, देवानं ऐकलं नाही, तिच्या पाठीवर आणखी एक बहीण आली. "मी म्हणजे फसलेला नवस," असं ती अडलेल्या बायकांना सांगायची, आणि त्या दोन कळांच्या मधे हसायच्या. हसलं की अंग सैल पडतं, आणि सैल अंगातून बाळ लवकर खाली सरकतं. तिची निम्मी विद्या ही अशी होती.

गावच्या प्रसूतिगृहात एके काळी सुरीला उसंत नसे. बाई आली की तिला उताणी निजवायची, पाय वर बांधायचे, पाणी बंद, बोलणं बंद. मग कळा मंदावल्या की कोणीतरी मान हलवून म्हणायचं, "बाळ मोठं आहे." झालं, पोट उघडायचं. आतून निघायचं चिमणीएवढं पोर. जिथं बाळ खरोखर अडलं, तिथं सिझर हवंच, त्याबद्दल बोल्सुननं कधी अवाक्षर काढलं नाही. एकदा तर अशा ऑपरेशननंतर तिनं डॉक्टर रायकानचे हात सगळ्यांसमोर डोळ्यांना लावले होते. तिचा राग होता तो त्या "बाळ मोठं आहे" वर.

रायकान तिच्याहून वयानं लहान, शिक्षणानं मोठी. पुढे तीच प्रसूतिगृहाची प्रमुख झाली. दोघींचं सूत जमलं ते याच रागावर. दुपारी रायकानच्या खोलीत चहा व्हायचा, बोल्सुनच्या घरचा जर्दाळूचा मुरांबा चमच्याचमच्यानं संपायचा. एखादीचं पोट उगाच फाडलं गेलं की बोल्सुन हात पसरून दाखवी, "एवढं मोठं बाळ होतं, बाई! घोड्यावर बसूनच बाहेर आलं!" आणि रायकान चहा नाकातून जाईपर्यंत हसे.

मग रायकान राजधानीतल्या साहेबांशी भांडली आणि बोल्सुन वॉर्डातल्यांशी. बायका हिंडू लागल्या, चहा पिऊ लागल्या, पाव खाऊ लागल्या. बोल्सुननं आपल्या सासरच्या जुन्या तंबूचा बाकान आणून खोलीत ठोकून घेतला. तंबूचं छत उचलायचा तो बेचक्याचा लांब दांडा. आमच्या पणज्या तोच दांडा धरून, गुडघ्यांवर बसून बाळंत व्हायच्या. पोरी आधी लाजल्या. मग एकीनं धरला, दुसरीनं धरला, आणि बघता बघता त्या लाकडाला घामानं तकाकी आली. शेवटी रायकाननं परवानगी मिळवली, की बाळंतिणीजवळ घरची एक बाई थांबू शकते. दोघींना वाटलं, आता जिंकलो.

आणि सिझर पुन्हा वाढू लागले.

कोणाला उलगडा होईना. बोल्सुनला झाला तो पेरिझात नावाच्या एका शेतकऱ्याच्या सुनेपाशी. घेवड्याच्या मळणीचे दिवस होते. पेरिझातबरोबर तिची सासू काल्बुबू आत आली होती. आता सोबत म्हटल्यावर सासूच येणार, दुसरं कोण? खुर्चीवर ऐसपैस बसली होती, गावातल्या लग्नांच्या गोष्टी सांगत होती. बाईच्या मनात काही वाईट नव्हतं. पण पेरिझात भिंतीला पाठ टेकून उभी होती, डोक्यावरचा रुमाल नीट सारखा करत. कळ आली की ओठ चावायची, आणि कळ ओसरली की सासूकडे बघून किंचित वाकायची.

"अगं, वळ. बाकान धर," बोल्सुन म्हणाली.

पेरिझात हलली नाही. डोळे सासूकडे गेले.

तेव्हा बोल्सुनच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. बाकान धरायचा तर सासूकडे पाठ होणार. गुडघ्यावर बसायचं तर सासूसमोर ढुंगण वर होणार. ओरडायचं तर सासूसमोर आवाज चढणार. या खोऱ्यात कुठली सून असं करेल? आपण पोरीला आधार म्हणून माणूस आत आणलं, आणि तिच्या अंगालाच कुलूप घातलं!

तेवढ्यात रायकान दारातून डोकावली. "गर्भपिशवीचं तोंड सकाळपासून तेवढंच उघडलेलं आहे. बाळाचे ठोके ठीक आहेत, पण मी तयारीला लागते."

"लाग तू," बोल्सुन म्हणाली, आणि काल्बुबूकडे वळून थोरल्या बहिणीला हाक मारावी तशी म्हणाली. "काल्बुबू एजे, घरी पिवळं लोणी आहे का? तूप नव्हे, लोणी."

"आहे की. कशाला?"

"बाळाच्या तोंडात पहिलं बोट कशाचं घालणार? दुकानच्या डालड्याचं?"

"अगोबाई!" म्हणत काल्बुबू उठली. तिची पावलं अंगणात गेली न गेली तोच पेरिझातनं वळून बाकान धरला आणि असा टाहो फोडला की बाहेरच्या पॉपलरवरचे कावळे उडाले. काल्बुबू लोण्याची वाटी घेऊन परत आली तेव्हा नात दुपट्यात होती.

"म्हणजे मला बाहेर काढायला लोणी!" काल्बुबूनं कमरेवर हात ठेवले. ती काही खुळी नव्हती.

"लोणी लागलंच की," बोल्सुन म्हणाली. "आण इकडे वाटी."

त्या दिवसापासून नियम बदलला. सोबत कोण हवं ते बाळंतीण सांगेल, एकटीला विचारल्यावर. बहिणी आल्या, जावा आल्या, एकीनं तर शाळेतली मैत्रीण आणली. सिझर पुन्हा उतरले. आणि गावातल्या सासवांचं पित्त खवळलं. बाजारात, लग्नाच्या दस्तरखानावर, जिथं तिथं बोल्सुनला टोमणे बसू लागले. "आम्हाला दाराबाहेर काढतेस? तुझ्या सुनेची वेळ येऊ दे. मग बघू कोण बाहेर बसतं."

बोल्सुन छाती काढून म्हणे, "माझी सून माझंच नाव घेईल. मी तिची सासू घरात. तिथं मी सुईण." हे तिनं इतक्या ठिकाणी, इतक्या जणींना सांगितलं, की पुढं ते तिचं एकटीचं राहिलंच नाही. अख्खं गाव वाट पाहू लागलं.

पण हे झालं गावासाठी, तिच्या मनात खरं ते निराळंच होतं. खोऱ्यातल्या निम्म्या पोरांची नाळ तिनं कापलेली. आमच्याकडे नाळ कापणारी ती त्या पोराची नाळ-आई, पोराचा स्वभाव तिच्यावर जातो म्हणतात. सगळ्यांच्या पाळण्याला तिला मानाचं बोलावणं असे. आता आपल्या नातवाची नाळ आपल्या हातानं कापायची, एवढं एकच तिला आयुष्याकडून मागायचं उरलं होतं.

सून जिपार प्राथमिक शाळेत शिकवायची. शांत, नीटनेटकी. चहा ओततानासुद्धा पेल्याचा आवाज होऊ द्यायची नाही. नवरा गेल्यापासून बोल्सुनच्या घरात बोल्सुनच बोलायची, आणि जिपार आल्यावर तिला ऐकणारं हक्काचं माणूस मिळालं. पोट दिसू लागल्यावर तर विचारूच नका. कोणत्या कुशीवर निजायचं, किती चालायचं, कळ आली की श्वास कसा सोडायचा, सगळं बोल्सुन जेवताजेवता करून दाखवी. एर्निस, तिचा मुलगा, हसून लोटपोट व्हायचा. जिपार आईला म्हणतात तसं म्हणायची, "बरं, आपा."

एकदा घरी पाहुणे होते. चुलत दीर, त्यांच्या बायका, शेजारची सोनुन. बोल्सुननं सगळ्यांदेखत विचारलं, "काय गं, आत कोणाला घेशील?"

जिपारनं चहाचा पेला दोन्ही हातांनी पुढे केला. "तुम्हालाच, आपा. आणखी कोणाला?"

बोल्सुननं सगळ्यांकडे असं बघितलं जणू टाळ्यांसाठी थांबली आहे. पेरिझातचे ओठ, पेरिझातचं वाकणं, कसलीही आठवण तिला त्या वेळी झाली नाही.

दिवस भरत आले तेव्हा एर्निस म्हणाला, "आपा, घाटात बर्फ पडायच्या आत हिला एकदा माहेरी नेऊन आणतो. तिची आई आठवण काढते." तो राजधानीच्या रस्त्यावर गाडी चालवायचा, घाट त्याच्या पायाखालचे. माहेर राजधानीलाच. बोल्सुननं वाटेसाठी बोरसोक, कणकेचे फुगीर तुकडे, तळून दिले, उशी दिली, वळणावर सावकाश जा म्हणून बजावलं. जिपार गाडीत बसताना रडली. "वेडी," बोल्सुन म्हणाली, "चार दिवसांनी तर येणार आहेस."

आणि त्यानंतर एके दिवशी सकाळी सकाळी प्रसूतिगृहाच्या अंगणात सोनुनचा आवाज घुमला.

"सुयुंचू! बोल्सुन, सुयुंचू!"

शुभवार्ता आणणाऱ्याची ही आरोळी. ती ऐकली की आणणाऱ्याला हातातली, अंगावरची चांगली वस्तू द्यायची, मागं पुढं बघायचं नाही. सोनुन धापा टाकत आली, फोन नाचवत. तिच्या भाचीनं राजधानीहून फोटो धाडला होता. "नातू झाला गं तुला! मुलगा!"

वॉर्डातल्या मुली धावत आल्या, खिडक्यांतून बाळंतिणी डोकावल्या. अंगणात बसलेल्या सासवा उठून उभ्या राहिल्या. सगळी सभा भरली, आणि बोल्सुननं फोन हातात घेतला.

दुपट्यात पोर होतं. डोकं सफरचंदासारखं गोल. अरुंद वाटेनं आलेल्या बाळाचं डोकं लांबुळकं होतं, चेपतं, दोन दिवस टोपीत लपवावं लागतं. हे डोकं कुठल्याच वाटेनं आलेलं नव्हतं. मागे पलंगावर जिपार, पांढरीफटक, हाताला सलाईन.

बोल्सुन हसली. मोठ्यानं, खणखणीत हसली. खांद्यावरची लोकरी शाल काढली, आईची आठवण होती ती, आणि सोनुनच्या खांद्यावर टाकली. "घे! तुझं तोंड गोड होवो!" सोनुनला मिठी मारली, मुलींना मिठ्या मारल्या. तो प्रवेश तिनं शेवटपर्यंत नीट केला. मग जिना चढून रायकानच्या खोलीत गेली आणि दार लावलं.

रायकाननं मान वर केली आणि तिला बघूनच पेन खाली ठेवलं.

"तुला ठाऊक होतं," बोल्सुन म्हणाली.

रायकाननं समोरचे कागद बाजूला सारले.

"तिकडच्या डॉक्टरला कोणी सांगितलं? ओळखीशिवाय तिथं धडधाकट बाईला कोण टेबलावर घेतं?"

"मी सांगितलं."

"काय सांगितलंस?"

रायकाननं चष्मा काढला. "ते महत्त्वाचं आहे का?"

"तेच महत्त्वाचं आहे. कारण काय दिलंस?"

मग रायकान हलक्या आवाजात म्हणाली, "बाळ मोठं आहे."

बोल्सुन खुर्चीवर बसली. बसली म्हणजे पडलीच. "बाळ मोठं आहे," ती स्वतःशीच म्हणाली. "घोड्यावर बसून आलं असेल."

"बोल्सुन, ऐक. ती माझ्याकडे आली होती. या इथं, तू आहेस तिथं बसली होती. म्हणाली, इथं नको, एवढंच. मी समजावलं, गं. दुसऱ्या तालुक्यात पाठवते म्हटलं. ती म्हणाली, तिथल्या सुईणीही आपांच्या शिकवलेल्या आहेत. मग म्हणाली, तुम्ही मदत नाही केलीत तर मी पोटातल्या बाळासकट नदीत उडी घेईन. मी काय करायला हवं होतं?"

"मला सांगायला हवं होतं."

"तिनं शपथ घातली. आणि नियम तूच केलास, बाई. बाळंतिणीला एकटीला विचारायचं. मी विचारलं. तिनं तुझं नाव नाही घेतलं."

"नियम!" बोल्सुन उठली. "महिनाभर माझा मुरांबा खाल्लास. मी रोज इथं बसून सांगत होते, आज बाळाचं डोकं खाली लागलं, आज माझ्या हाताला त्यानं लाथ मारली. तू 'हो का, हो का' करत होतीस. एका शब्दानं काही बोलली नाहीस. जिपार पोर आहे, घाबरली. तू कोण होतीस?"

बोल्सुननं टेबलावरची मुरांब्याची बरणी उचलली, झाकण घट्ट लावलं आणि घेऊन गेली.

बर्फ पडायच्या आत एर्निसनं मायलेकरांना घरी आणलं. "आपा, तिनं सांगू नको म्हटलं होतं," तो दारातच म्हणाला.

"जन्मात पहिल्यांदा बायकोचं ऐकलंस," बोल्सुन म्हणाली, "आणि मुहूर्त बरा काढलास."

पाळण्याचा सोहळा करावाच लागला. मेंढा कापला, कढई चढली, गाव लोटलं. बोल्सुन सगळीकडे होती. हसत होती, आग्रह करत होती. काल्बुबूनं वाट पाहून पाहून शेवटी सोडलंच, "काय गं, तुझ्या बाकानला वाळवी लागली का?"

"लाकूडच ते," बोल्सुन म्हणाली. "तू बसायचीस ती खुर्ची मात्र शाबूत आहे." बायका हसल्या. निभावलं.

मग मुल्लाची दुआ झाली आणि कोणा म्हातारीनं सवयीनं हाक दिली, "नाळ-आई कुठंय? तिला आधी शाल घाला, पांढरा रुमाल द्या." नाळ कापलेली ती कोणी राजधानीतली डॉक्टर, तिचं नावही कोणाला माहीत नव्हतं. ज्या बाईला गेल्या कित्येक पाळण्यांना त्या जागी बसवलं, तिच्याकडे सगळ्या बघू लागल्या, आणि बघितलं म्हणून ओशाळल्या. बोल्सुननं समोरचं ताट उचललं. "मटण थंड होतंय," म्हणाली आणि आत गेली.

आतल्या खोलीत जिपारला खोकल्याची उबळ आली होती. टाक्यांच्या भीतीनं ती खोकला गिळत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बोल्सुननं ताट ठेवलं, उशी तिच्या पोटावर दाबून धरली. "आता खोक. धर घट्ट. हं."

जिपार खोकली. मग उशीवर सासूचे हात तसेच असताना म्हणाली, "आपा, तुम्ही वाईट असता तर सोपं होतं."

या पोरीनं आजवर बोल्सुनसमोर इतकं लांब वाक्य कधी उच्चारलं नव्हतं.

"वाईट सासूला तुम्ही लोणी आणायला पाठवता. तुम्हाला कोण पाठवणार? मला ओरडायचं होतं, आपा. मी रोज शाळेच्या मागे जाऊन ओरडून बघायचे. घरी आलं की तुम्ही श्वास कसा घ्यायचा ते दाखवायच्यात आणि माझा श्वास अडायचा."

"आणि मला सांगायला तोंड नव्हतं?"

"होतं कुठं?" जिपार म्हणाली. तिनं डोळे खाली घातले नाहीत.

बोल्सुनला पुष्कळ बोलायचं होतं. पोट चिरून घेतलंस, पुढच्या खेपेला ते किती नडेल ठाऊक आहे का. तुझी ती भीती एका दुपारी घालवली असती मी. माझा नातू, माझे हात. यातलं काहीच तिनं तोंडातून काढलं नाही. क्षमाही केली नाही. पोराला उचलून सुनेच्या कुशीत दिलं, त्याचं तोंड स्तनाशी नीट लावून दिलं आणि पाहुण्यांत गेली.

रायकानशी तिनं बोलणं टाकलं. कामाचं तेवढं बोले, तेही मधल्या नर्सला. "डॉक्टरांना सांग, ठोके ठीक आहेत." डॉक्टर दोन हातांवर उभ्या. नर्स बिचारी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे.

हिवाळ्यात एक पोर कळा घेऊन आली. पहिलटकरीण, शेजारच्या गल्लीतली. बोल्सुननं पडदा सारला, पण नेहमीचं वाक्य तिच्या तोंडून आलं नाही. दार लावून ती पलंगाच्या कडेला बसली. "तुला आत कोण हवं ते सांग. आणि मी नको असेन, तर तेही सांग. दुसरी सिस्टर आहे, चांगली आहे. मी रागावणार नाही." मग जरा थांबून म्हणाली, "रागावेन. पण तुला कळू देणार नाही."

पोरीनं रुमालाचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. कळ आली, गेली.

"तुम्ही नको, एजे," ती म्हणाली. "तुम्ही आमच्या सासूबरोबर चहा पिता."

बोल्सुननं मान डोलवली. दुसऱ्या सिस्टरला हाक मारली, बाकान हलवून घट्ट आहे ना बघितलं, आणि बाहेर आली. अंगणात उन्हाच्या तुकड्यात त्या पोरीची सासू उभी होती. ती चकित झाली. "तू इकडे? मग आत कोण आहे?"

"तिनं जिला बोलावलं ती."

"आणि तू?"

"मला नाही बोलावलं."

बाई काही तरी खोचक बोलणार होती, पण बोल्सुनचा चेहरा बघून तिनं तोंड मिटलं आणि उन्हातली थोडी जागा करून दिली. आतून किंकाळी आली. अशी मोकळी, निर्लज्ज किंकाळी बोल्सुननं पूर्वी आपल्या हातांच्या जोरावर बायकांना मिळवून दिली होती. आवाजावरून तिला कळत होतं डोकं कुठवर आलंय. पाय आपोआप दाराकडे वळले. तिनं ते बर्फात घट्ट रोवले, आणि शालीविना उघड्या पडलेल्या खांद्यांवर हात घेऊन, आत बाळाचं रडू फुटेपर्यंत, तिथंच उभी राहिली.